उष्णतेचा जमाखर्च लिहिणारा काटा

प्रीमियर पद्मिनी चालवताना वेगाच्या काट्याकडे नजर सारखी जाते, पेट्रोलच्या काट्याकडे गरजेपुरती जाते. तापमानाच्या काट्याकडे मात्र बॉनेटच्या फटीतून वाफ दिसू लागल्यावरच लक्ष जातं. तोवर त्याला जे सांगायचं होतं ते सांगून झालेलं असतं. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर या काट्याइतकं बारकाव्याचं दुसरं काही नाही असं मी मानतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या रस्त्यांवर जुनी फियाट चालवणाऱ्याने तर तो रोज वाचायला हवा. इथल्या उन्हाची, चढांची आणि कोंडीची खूण त्या काट्यावर उमटत असते.

तापमानाचा काटा तापमान दाखवतो, हे आपण गृहीत धरतो. ते खरं आहे, पण पुरतं नाही. इंजिनात दर क्षणी उष्णता जमा होत असते आणि रेडिएटरमधून ती खर्ची पडत असते. या जमाखर्चात शिल्लक किती उरली ते काटा सांगतो. शिल्लक तीच असली तरी तिच्यामागचा व्यवहार वेगळा असू शकतो. हायवेवर साठच्या वेगाने जाताना काटा मधोमध असतो आणि सिग्नलला उभं असतानाही तो मधोमध असू शकतो. पहिल्या वेळी खूप उष्णता येते आणि खूप जाते, दुसऱ्या वेळी थोडी येते आणि थोडीच जाते. म्हणून काटा कुठे आहे याच्याइतकंच तो तिथवर कसा आला, किती वेळात आला आणि कुठल्या रस्त्यावर आला हे वाचायचं असतं. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा त्याचा विस्तार आहे.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नासच्या दशकातली गोलसर 1100, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणत; मग 1964 ची डिलाइट; सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची प्रेसिडेंट; आणि 1974 पासून पद्मिनी. प्रीमियरचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात पेजो 309 तिथेच तयार झाली. तिथलं काम थांबलं तरी प्रीमियर मैदान हे नाव त्या रस्त्यावर राहिलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर तीही थांबली. आता ज्या पद्मिनी चालतात त्या बहुतेक कोणीतरी हौसेने जपलेल्या आहेत, आणि त्यांचा काटा वाचणारा माणूस म्हणजे त्यांचा मालकच.

या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, साधारण 40 अश्वशक्तीचं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी एकमेकांना जखडलेले हे दोन धातू एका मर्यादेपर्यंत एकमेकांचा ताण सोसतात. मर्यादा ओलांडली की हेड वाकतं, गॅस्केट उडतं, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतं आणि ऑइल दुधाळ होतं. पुढचा खर्च हेड उतरवून घासून घेण्याचा. ती मर्यादा जवळ येतेय हे वेळेवर सांगणारं साधन गाडीत एकच आहे.

जुन्या गाड्यांत तापमानाच्या गेजचे दोन प्रकार आढळतात. पहिला पूर्ण यांत्रिक. इंजिनाच्या पाण्यात एक छोटा बंद फुगा बसवलेला असतो आणि त्यातून तांब्याची केसासारखी बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येते. फुग्यातला द्रव चटकन वाफ होणारा असतो. पाणी तापलं की त्याच्या वाफेचा दाब वाढतो, गेजमधली वळलेली चपटी नळी किंचित उलगडते आणि काटा सरकतो. यात वीज कुठेच नाही, म्हणून हा काटा किल्ली बंद केल्यावरही खरं सांगत राहतो. दुसरा प्रकार विजेवर चालणारा. यात पाण्यात बुडालेला सेंडर असतो. तो जितका तापतो तितका त्याचा विद्युतरोध कमी होतो, वायरमधून जास्त प्रवाह जातो आणि गेजमधल्या दोन धातूंच्या पट्टीभोवतीची तार तापून पट्टी वाकते. पट्टी वाकली की काटा चढतो. या प्रकारात किल्ली बंद केली की काटा खाली पडतो, इंजिन कितीही गरम असो. आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे हे किल्ली फिरवून लगेच कळतं आणि ते कळल्याशिवाय पुढचं वाचन होत नाही.

तबकडीवर बहुतेक वेळा आकडे नसतात. एका टोकाला थंड, दुसऱ्या टोकाला गरम, मध्ये एखादी रेघ. ही उणीव मला वाटत नाही. सेंडरचा रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. थंड असताना तो झपाट्याने उतरतो, गरम झाल्यावर हळूहळू उतरतो. त्यामुळे तबकडीवरचं अंतर सगळीकडे सारख्या अंशांचं नसतं आणि मधली रेघ म्हणजे दोन टोकांची सरासरीही नसते. बनवणाऱ्याने चालकाला आकडा दिला नाही, जागा दिली. आपल्या गाडीची नेहमीची जागा कुठली हे चालकाने स्वतः शिकायचं. एका पद्मिनीत ती मधल्या रेघेच्या जरा खाली असेल, दुसरीत रेघेवर असेल. दोन्ही गाड्या निरोगी असू शकतात. नेहमीच्या जागेपासून काटा ढळला की त्याला अर्थ येतो.

आता डिसेंबरच्या सकाळपासून वाचायला घेऊ. चोक ओढला, सेल्फ मारला, इंजिन पकडलं. काटा काही वेळ जागचा हलत नाही. पाणी तापतंय, पण थर्मोस्टॅट बंद असल्यामुळे ते रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतंय. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला, बहुधा 82 किंवा 88 अंशांना, ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. झडप एकदम सताड उघडत नाही, पुरती उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. काटा आधी सावकाश, मग ठामपणे चढतो. नेहमीच्या जागेपाशी पोचतो, कधी किंचित वरही जातो, आणि मग अचानक थोडा खाली येतो.

या पहिल्या उतरणीसाठी मी जुनी गाडी चालवायला तयार आहे. झडप उघडल्यावर रात्रभर थंड पडलेलं रेडिएटरमधलं पाणी एकदम इंजिनात शिरतं. सेंडरला ते जाणवतं, काटा उतरतो. त्याच थंड पाण्याने मेण आकसतं, झडप थोडी मिटते, पाणी पुन्हा तापतं, काटा पुन्हा चढतो. अशी एक-दोन हेलकाव्यांची हालचाल होते आणि काटा आपल्या जागी स्थिरावतो. या छोट्याशा हालचालीत तीन गोष्टींची खात्री पटते: थर्मोस्टॅट जिवंत आहे, वॉटर पंप पाणी फिरवतोय आणि सेंडर खरं बोलतोय. काटा न थांबता चढतच गेला तर झडप अडकलेली असू शकते किंवा पाणी कमी असू शकतं. काटा मैलोन्मैल वर येतच नसेल तर झडप उघडीच राहिली आहे, नाहीतर कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला आहे.

ही दुसरी शक्यता आपल्याकडे फार दिसते. गाडी तापते म्हणाल्यावर थर्मोस्टॅट काढून टाकणं हा कित्येक गॅरेजांचा पहिला उपाय असतो. काटा खाली येतो आणि मालक निश्चिंत होतो. पण इंजिन थंड राहणं ही बरं होण्याची खूण नव्हे. थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफाळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, ऑइलमध्ये गाळ जमतो, झीज वाढते, ॲव्हरेज घसरतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच जवळची बायपास वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच फिरत राहतो आणि ऐन कोंडीत गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. चोक झालेला रेडिएटर रॉडिंग करून साफ करायचा सोडून थर्मोस्टॅट काढणं म्हणजे खर्चाची बाजू न सुधारता वही फाडणं आहे.

डोंबिवलीहून निघून कल्याण-शीळ रस्त्याला लागलं की काट्याची खरी परीक्षा सुरू होते. मानपाडा, काटई नाका, पलावा, शीळफाटा. मेट्रोच्या खांबांमधून आणि टँकर-कंटेनरच्या रांगांतून गाडी पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. फियाटचा फॅन बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिन जितक्या वेगाने फिरतं तितकाच वारा तो ओढतो. आयडलवर तो मंद, पाण्याचा पंपही मंद. उष्णता कमी निर्माण होते हे खरं, पण तिला बाहेर काढणारा वारा त्याहून कमी असतो. शिवाय तो वारा शेजारच्या ट्रकच्या धुराड्यावरून आणि तापलेल्या डांबरावरून आलेला असतो.

इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 88 अंश आणि डिसेंबरच्या सकाळची हवा 18 अंश असेल तर फरक 70. मे महिन्याच्या दुपारी हवा 38 अंश असेल तर फरक 50. कोंडीत रेडिएटरसमोरची हवा 48 अंशांवर गेली तर फरक 40. तोच रेडिएटर, तोच फॅन, पण सकाळी जितकी उष्णता टाकू शकत होता त्याच्या सत्तावन्न टक्केच आता टाकू शकतो. काटा थोडा वर गेला म्हणून लगेच गाडीत बिघाड शोधू नये. खर्च घटला आहे, शिल्लक वाढली आहे, आणि वाढलेल्या तापमानाने फरक पुन्हा वाढून नवा तोल कुठेतरी सापडणार आहे. काटा वर जाऊन तिथे थांबला तर गाडी तोल सांभाळते आहे. थांबत नसेल, हळूहळू का होईना चढतच असेल, तर तोल सापडलेला नाही. कोंडीतल्या वाचनाचं मर्म या एका भेदात आहे.

चढतच असेल तर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आजही खरा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची आणि ॲक्सिलरेटर हलकासा दाबून इंजिनचा वेग आयडलच्या वर ठेवायचा. फॅन आणि पंप दोन्ही जोरात फिरतात, काटा काही क्षणांत उतरायला लागतो. उष्णताही थोडी वाढते, पण वारा आणि पाणी त्याहून जास्त वाढतात. या उपायाने काटा उतरला, तर फॅन, बेल्ट आणि पंप ठीक आहेत हेही त्यातच कळतं. उतरला नाही तर बेल्ट सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत चिखल-कचरा बसला आहे का, होज पाइप आत चिमटला आहे का, हे बघायचं.

शीळफाट्यावरून मुंब्रा बायपासला लागलं की पारसिकचा डोंगर अंगावर येतो. आता काट्याची चढण वेगळ्या जातीची असते. चार माणसांसह गाडी साधारण बाराशे किलोची धरली आणि पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ धरला, तर ताशी 36 किलोमीटरने चढायला सपाट रस्त्यापेक्षा चौपट ताकद लागते. पेट्रोल इंजिनचा ढोबळ हिशेब असा, की जेवढी ताकद चाकांना मिळते साधारण तेवढीच उष्णता पाण्यात उतरते आणि उरलेली सायलेन्सरमधून जाते. म्हणजे जमेची बाजू चौपट झाली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरत असल्याने फॅनही जोरात आहे, पण गाडीच्या वेगाने समोरून मिळणारा वारा नाही. काटा इथे कोंडीतल्यासारखा रेंगाळत नाही, चालकाला दिसेल अशा वेगाने चढतो. चढ संपताच तो तितक्याच ठळकपणे उतरला पाहिजे. त्या उतरण्याचा वेग हे रेडिएटरचं प्रगतिपुस्तक आहे. खारेगावकडे उतरून माजिवड्यापर्यंत येईतो काटा नेहमीच्या जागी आला असेल तर रेडिएटर मोकळा आहे. सपाटीवरही तो वरच रेंगाळत राहिला तर नळ्यांत गंज आणि क्षार साचले आहेत.

माजिवडा ओलांडून घोडबंदर रस्त्याला लागलं की पुन्हा कोंडीची भाषा. कापूरबावडी, ठाण्याचा मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. आणि मग गायमुखचा घाट, जिथे चढ आणि कोंडी एकाच वेळी भेटतात. अवजड वाहनांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये चढायचं, थांबायचं, क्लचवर पुन्हा उचलायचं. मुंब्र्याच्या चढावर जमा वाढली होती, शीळच्या कोंडीत खर्च घटला होता. गायमुखला दोन्ही एकदम होतं. ठाण्याच्या परिसरात जुन्या गाडीची कूलिंग सिस्टीम तपासायला याहून कठीण जागा मला माहीत नाही. मे महिन्यातल्या दुपारी गायमुख चढून काटा लाल टोकाच्या खाली थांबवणारी फियाट मनापासून जपलेली आहे, असं बेलाशक समजावं.

घाट संपल्यावर लोक बाजूला घेऊन लगेच गाडी बंद करतात. नेमकं तेच करू नये. इंजिन बंद झालं की पंप आणि फॅन थांबतात, पण हेडच्या धातूत साठलेली उष्णता पाण्यात उतरतच राहते. यांत्रिक गेज असलेल्या गाडीत गाडी बंद केल्यावर काटा चढताना डोळ्यांनी दिसतो. विजेच्या गेजमध्ये काटा पडलेला असतो, पण थोड्या वेळाने किल्ली फिरवली की तो बंद करण्यापूर्वीच्या जागेच्या वर जाऊन थांबतो. हा बिघाड नाही. चालू केल्यावर मिनिटाभरात तो खाली आला की झालं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत याच वेळी पेट्रोल पंपात आणि नळीत वाफ धरते आणि गाडी सेल्फ घेऊनही चालू होत नाही. ओलं फडकं पंपावर टाकून थांबलेली फियाट पूर्वी प्रत्येक घाटमाथ्यावर दिसायची. बंद करण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटं इंजिन आयडलवर चालू दिलं तर ही वेळ सहसा येत नाही.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज किंवा शहापूरमार्गे कसारा चढताना आणखी एक पदर जोडला जातो. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळतं. इगतपुरीच्या सुमारे 600 मीटर उंचीवर ते 98 अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण दाबाचं असतं ते याचसाठी. अर्धा बार दाब धरणाऱ्या झाकणाने उकळबिंदू 111 अंशांपर्यंत जातो, म्हणजे लाल टोकापर्यंत जायला दहा-अकरा अंशांची जागा मिळते. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली झाली की ही जागा जाते. काटा पूर्वीच्याच ठिकाणी असतो आणि पाणी मात्र उकळत असतं. म्हणून काटा फार वर नसताना वाफ दिसली तर आधी झाकण बदलावं. गरम असताना ते उघडू मात्र कधीही नये. दाब सुटताच सगळं पाणी एकदम उकळून अंगावर येतं.

आता सगळ्यात धोकादायक वाचन. भर चढावर, गाडी तापत असताना, काटा अचानक खाली आला. नवखा चालक सुटकेचा श्वास टाकतो. पण होज फुटून किंवा उकळून पाणी निघून गेलं असेल तर सेंडर कोरडा पडतो. त्याच्याभोवती पाणी नाही, वाफ किंवा हवा आहे, आणि तिच्यातून त्याला उष्णता नीट पोचत नाही. इंजिन जळत असताना काटा थंडीकडे झुकतो. कारणाशिवाय आलेली थंडी ही या काट्याची सर्वात गंभीर सूचना आहे. चढ संपला नाही, वारा वाढला नाही, ॲक्सिलरेटर सोडला नाही, तरी काटा पडला, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करावी.

काटा खोटंही बोलतो, आणि ते ओळखणं हा वाचनाचाच भाग आहे. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकदमच वर गेले तर इंजिनकडे न बघता गेजना वीज पुरवणाऱ्या स्टॅबिलायझरकडे किंवा डॅशबोर्डच्या अर्थच्या वायरकडे बघावं. हेडलाइट लावल्याबरोबर काटा हलला तर अर्थ लूज आहे. बहुतेक विजेच्या गेजमध्ये सेंडरची वायर तुटली की काटा थंडीवर पडून राहतो आणि तीच वायर इंजिनच्या लोखंडाला चिकटली की तो सरळ लाल टोकाला जाऊन आदळतो. खरी उष्णता अशी क्षणात चढत नाही. पाण्याला वेळ लागतो, वायरला लागत नाही. सेंडर बसवताना आट्यांवर टेपचे फार वेढे दिले तर अर्थ तुटतो आणि काटा उगीचच खाली राहतो.

शंका मिटवायची असेल तर सेंडर काढून, वायर जोडलेली ठेवून, त्याच्या अंगाला अर्थ देऊन उकळत्या पाण्यात धरावा. ठाणे-कल्याण समुद्रसपाटीच्या जवळ आहेत, त्यामुळे उकळतं पाणी म्हणजे 100 अंश, यात शंका नाही. तेव्हा काटा जिथे थांबेल ती आपल्या तबकडीवरची शंभराची जागा. आजकाल हातात धरायचे इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त मिळतात. थर्मोस्टॅटच्या घरावर ते रोखून काट्याशी ताळा करता येतो. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर ते फार कमी आकडा दाखवतात. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावं.

पाण्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. कूलंट घातलं की गाडी थंड चालते असं बरेच जण समजतात. निम्मं कूलंट मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे काटा कणभर वरच राहील. त्याचं काम वेगळं आहे: उकळबिंदू काही अंशांनी वाढवणं आणि मुख्य म्हणजे बिडाला, ॲल्युमिनियमला आणि रेडिएटरच्या तांब्या-पितळेला गंजापासून वाचवणं. आपल्याकडे सोसायटीच्या बोअरचं पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओततात. त्यातले क्षार गरम भिंतींवर थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. काही वर्षांनी काट्याची नेहमीची जागाच वर सरकते, आणि इतक्या सावकाश सरकते की रोज बघणाऱ्यालाही ती सवयीची वाटते. म्हणून वर्षातून एकदा, त्याच ऋतूत, त्याच रस्त्यावर काट्याची जागा टिपून ठेवावी. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट यांचा खर्च हेड घासण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

आजच्या गाड्यांतही तापमानाचा काटा दिसतो, पण तो बहुधा थेट पाण्याशी जोडलेला नसतो. मध्ये संगणक असतो. साधारण 75 ते 105 अंशांच्या पट्ट्यात कुठेही तापमान असलं तरी तो काटा मधोमध धरून ठेवतो. ग्राहकाला काटा हललेला आवडत नाही, तो गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन येतो, म्हणून ही सोय. तिची गरज मी नाकारत नाही. पण त्या काट्यावर शीळफाटा आणि गायमुख यांच्यात काही फरक उरत नाही, पहाटेचा पहिला हेलकावा दिसत नाही, चढाची चाहूल लागत नाही. आणि तो हलतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. जुन्या फियाटचा काटा ढळतो, डुलतो, उतरतो, म्हणूनच तो विश्वासार्ह आहे. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये दुसरं कोणी नाही.

जुनी गाडी जपणाऱ्यांना एवढीच विनंती. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी आणि व्हीए मालिकेचा नंबर मिळू लागला आहे, त्यामुळे डिलाइट आणि प्रेसिडेंट पुन्हा बाहेर निघताहेत. त्यांच्या रंगावर, क्रोमवर, सीट कव्हरवर मन लावून खर्च होतो आणि मेलेला तापमानाचा काटा मात्र तसाच राहतो. तो आधी जिवंत करा. सेंडर तपासा, अर्थ घासून घट्ट करा, थर्मोस्टॅट परत बसवा, रेडिएटर साफ करून घ्या, झाकण नवं लावा. मग गाडी शीळवरून, मुंब्र्यावरून, गायमुखवरून न्या आणि काटा वाचा. रंग उडाला तर पुन्हा देता येतो. वाकलेलं हेड पहिल्यासारखं होईलच याची खात्री कुठलंही गॅरेज देत नाही.